तळाची तोटी

करंजाच्या धक्क्यावर मी अर्धंच सत्य सांगितलं आणि त्यापायी एका तांडेलाच्या हातून बोट गेली. हे मी अनेक वर्षं कोणालाही कळू दिलं नाही.

मी पनवेलच्या एका महाविद्यालयात इंजिनांचा विषय शिकवतो. डिझेलमध्ये इथेनॉल मिसळून जुनी इंजिनं चालवण्याचा ध्यास मला तेव्हा लागला होता. कार्यशाळेत प्रयोग जमला, म्हणून ओळखीच्या एका बोटमालकाने आपली मासेमारीची बोट प्रयोगासाठी दिली.

"मास्तर, इंजिनाला दारू पाजताय? बोट झिंगली तं सांभाळनार कोन, तुमी?" ती बोट चालवणारे तांडेल हसले.

रोज निघण्याआधी टाकीच्या तळाची तोटी उघडून साचलेलं पाणी सोडायचं, हा त्यांचा नेम. मोजून भरलेलं माझं मिश्रण त्यातून वाया जाईल, म्हणून मी म्हणालो, "प्रयोग संपेपर्यंत तोटीला हात लावू नका."

"तुमी सांगता तं नाय लावत."

इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि पाण्यासह डिझेलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, हे मी वर्गात शिकवत होतो. समुद्रावर मला ते आठवून घ्यायचं नव्हतं.

एका सकाळी मीही बोटीवर होतो. इंजिनाचा ठोका अडखळला, पुन्हा लागला आणि थांबला. पाण्याची ओढ आम्हाला जहाजांच्या वाटेकडे नेऊ लागली. समोरचं कंटेनरचं जहाज मोठं मोठं होत गेलं. तांडेल फडकं हलवत दुसऱ्या बोटीला हाका मारत होते. मी नुसता त्या तोटीकडे पाहत होतो. त्या बोटीने फेकलेला दोर हाती आला तेव्हा जहाजाची सावली आमच्यावर पडली होती.

धक्क्यावर मालकाने कारण विचारलं.

"टाकीतलं पाणी काढलेलं नव्हतं," मी म्हणालो.

"मास्तरांनीच सांगितला व्हता..." तांडेल बोलू लागले.

"शिकल्या मानसावर ढकलतोस?" मालक ओरडला. मी तोंड फिरवून मिश्रणाचे डबे उतरवू लागलो. मालकाने बोट त्याच दिवशी दुसऱ्या तांडेलाकडे दिली.

तेव्हापासून कार्यशाळेत इंजिन बंद झालं, की त्यानंतरची शांतता त्या जहाजासारखी माझ्या अंगावर येते.

गेल्या महिन्यात मी करंजाला गेलो. माशांच्या लिलावात उभ्या असलेल्या मालकाला सोबत घेतलं. तांडेल वाळत घातलेले बोंबील उलटत होते.

"काय मास्तर, सुटली का इंजिनाची दारू?"

मालकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हणालो, "तांडेल, तोटीला हात लावू नका, असं मीच सांगितलं होतं. दोष माझा होता. फार उशीर केला मी. मला माफ करा."