बापाची आगाऊ उपकारस्तुती

गरम हळदीचा वास आला की मला परळीतलं आमचं चर्च दिसतं. हापशावरच्या भांडणात शेजाऱ्यानं बापाला असं बडवलं होतं, की लेपासाठी अर्ध्या बाजाराची हळद संपली. रविवारी चर्चमध्ये बाप तो लेप लावूनच देवाच्या उपकारांची साक्ष द्यायला उभा राहिला. मागच्या बाकावर मी सदऱ्याखाली कोयता लपवून बसलो होतो. उपासना सुटली की शेजाऱ्याला कापणारच होतो.

"प्रभू, डोकं फुटलं पर डोळा वाचला, तुझे उपकार. दात तसेबी हालतच होते. अन् माझं पोरगं बदला घेणार न्हाई, त्याचे उपकार आजच मानतो."

सगळे 'आमेन' म्हणाले. आता देवापुढं बापाला खोटं कसं पाडणार? तेव्हा शेजाऱ्यापेक्षा बापाचाच राग आला.

आज माझं पोरगं रागानं बाहेर पडलं की मीही उपकार मानतो, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.