आईसाठी विशेषण

"विशेषण अगदी योग्य वापरलंय हिनं. समोरच बघा."

बाई असं म्हणाल्या आणि सगळी मुलं दाराकडे वळली. दाराशी चपलांच्या रॅकजवळ स्टुलावर माझी आई बसली होती. मुलं तिच्याकडे बघून हसली. खो खो हसली. आत सोफ्यावर चहा घेणाऱ्या त्यांच्या आयाही हसल्या. माझ्या आईला आधी कळलंच नाही. सगळे हसतायत म्हणून तीही थोडं हसली. मग कळलं. तिनं पदर डाव्या गालावर ओढून घेतला.

आईचा डावा गाल जळलेला आहे. कानापासून गळ्यापर्यंत कातडी आकसलेली, ओढलेली.

बालीगंजच्या त्या फ्लॅटमध्ये दर रविवारी मराठीचा वर्ग भरायचा. कोलकात्यात वाढणाऱ्या मराठी मुलांची भाषा सुटू नये म्हणून. बाईंचे यजमान बँकेत मोठे साहेब. माझे बाबा त्यांच्याच हाताखाली अधिकारी. बाबांचं आडनाव कळल्यावर बाईंनी गाव विचारलं होतं. गाव कळल्यावर पुढचं काही विचारलं नव्हतं. त्यानंतर बाकीच्या आया आत बसायच्या आणि माझी आई दाराशी. तिला कुणी तिथे बस म्हणालं नव्हतं. आत ये असंही कुणी म्हणालं नव्हतं.

त्या दिवशी अभ्यास होता, 'भीषण' हे विशेषण रोजच्या बोलण्यातल्या वाक्यात वापरा. कुणी लिहिलं, भीषण अपघात झाला. कुणी लिहिलं, भीषण दुष्काळ पडला. मी लिहिलं, माझी आई भीषण सुंदर आहे. बाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि मुलांना दाराकडे बघायला सांगितलं.

मी अकरा वर्षांची होते. बेहाला या बंगाली वस्तीत राहत होते. तिथे बंगालीत सगळं भीषोणच असतं. मिष्टी भीषोण भालो, मिठाई फार छान. गरम भीषोण, उकाडा फार. भीषोण म्हणजे खूप. शेजारच्या काकीमा आईची वेणी घालताना तिची हनुवटी धरून मला म्हणायच्या, "तोर मा भीषोण शुंदोर." तुझी आई फार सुंदर आहे. मला वाटलं, मराठीतही तसंच असेल. शब्द तर तोच होता.

बाईंना बंगाली उत्तम यायचं. मी कुठे चुकले ते त्यांना लगेच कळलं असणार. एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यांनी ते सांगितलं नाही.

घरी जाताना बसमध्ये मी आईला विचारलं, तुझा गाल कशानं जळला. स्टोव्ह भडकला, असं ती नेहमी सांगायची. त्या दिवशी तिनं खरं सांगितलं. बस गच्च भरली होती, पण मराठी कुणालाच कळत नव्हतं. म्हणून आई मोठ्यानं बोलू शकली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते मोठ्यानं सांगितलं.

तिच्या काकानं गावातली मेलेली ढोरं ओढायला नकार दिला होता. एवढंच कारण. भर दुपारी माणसं आली. बापे सगळे कामावर गेलेले. घरात आई आणि तिची आजी. बाहेरून कडी घातली. छपरावर रॉकेल ओतलं. आजीनं कुदळीनं मागची भिंत फोडली आणि पोरीला भगदाडातून बाहेर ढकललं. बाहेर पडतानाच पेटलेल्या छपराचा तुकडा पोरीच्या गालावर पडला. आजी आतच राहिली.

"तिचा आवाज बराच वेळ येत होता," आई म्हणाली. "मग थांबला."

मी विचारलं, कोण होते ते. आईनं एकेकाचं नाव घेतलं. शेवटचं नाव शाळेतल्या गुरुजींचं. रॉकेलचा डबा त्यांच्या हातात होता. ज्यांनी तिला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला लावलं, तेच. खटला चालला. सगळे सुटले. आई परत शाळेत गेली नाही. आणि तीच आई दर रविवारी दाराशी बसून माझा वर्ग कान देऊन ऐकत होती.

पुढच्या रविवारी मी बाईंना म्हणाले, मला माझं वाक्य दुरुस्त करायचंय. बाई खूश झाल्या. फळ्यावर लिही म्हणाल्या. मी लिहिलं:

माझ्या आईच्या घराला बाहेरून कडी घालून आग लावली, ती आग भीषण होती. गेल्या रविवारी बाईंनी सगळ्यांना आईवर हसवलं, ते हसणं भीषण होतं.

बाईंनी वाचलं. पुसायला सांगितलं. मी नाही म्हणाले.

मग त्यांनी मारलं. पहिली थप्पड तोंडावर बसली. त्यांच्या अंगठीनं माझा ओठ फाटला. दुसऱ्या हातानं केस धरले आणि माझं डोकं फळ्यावर आपटलं. पुस म्हणाल्या. परत आपटलं. खडूची भुकटी आणि रक्त, दोन्ही तोंडात गेलं. मी त्यांचं मनगट दातांत धरलं आणि सोडलं नाही. बाई किंचाळल्या. मुलं भिंतीला चिकटली. आत बसलेल्या आयांपैकी एकही उठली नाही.

आई उठली. चप्पल न काढता आत आली. माझ्या केसांतली त्यांची बोटं तिनं एकेक करून उपसून काढली. पदर खाली पडला होता, तो तिनं उचलला नाही. उघडा गाल बाईंच्या तोंडासमोर धरून ती म्हणाली, "परत हिला हात लावा. तो हात खांद्याला राहायचा नाही."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाबांना केबिनमध्ये बोलावलं. संध्याकाळी बाबा मला घेऊन माफी मागायला त्यांच्या घरी निघाले. आई म्हणाली, नेऊ नका. बाबांनी ऐकलं नाही. वाटेत बाबा मला समजावत होते. साहेबांचा एक शेरा वाईट पडला की सगळं संपतं, तू फक्त दोन शब्द बोल. बाबा वाईट नव्हते. घाबरलेले होते.

साहेब सोफ्यावर बसलेले. आम्ही उभे. बाईंच्या मनगटावर पट्टी, माझ्या ओठाला टाके. साहेब म्हणाले, "बोल."

मी म्हणाले, "बाईंनी आधी आईची माफी मागावी."

साहेबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते बाबांना म्हणाले, "तुम्हाला खुर्ची मिळाली हो. घरात संस्कार कुठून आणणार?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा खाली फरशीकडे बघत होते. त्यांनी माझी मान धरली आणि खाली वाकवायला लागले. हळूहळू, जोर लावून. मी वाकले नाही. मानेत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी वाकले नाही. शेवटी त्यांनीच हात काढून घेतला.

बाबांची बदली डोंगरातल्या एका शाखेत झाली. आम्ही बेहालातच राहिलो. सुट्टीला घरी आले तरी ते माझ्याशी फारसं बोलायचे नाहीत. मला त्याचं वाईट वाटायचं, पण पश्चात्ताप कधी झाला नाही.

आता मी कोलकात्यातच, न्यू टाउनमध्ये नोकरी करते. ऑफिसातले मराठी सहकारी म्हणतात, झालं गेलं सोडून दे, आता कोण जातपात बघतं. हे सांगताना ते माझं आडनाव दोनदा विचारून घेतात.

गुरुजी जिवंत आहेत. गेल्या आठवड्यात आईच्या भावाचा फोन आला. गावात गुरुजींचा सत्कार ठरलाय, शाळेच्या मैदानावर मांडव घालतायत. मी आईला विचारलं, जायचं का. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. ती म्हणाली, "तिकिटं काढ."

तिकिटं काढली आहेत. अजून डोंगरातच असलेल्या बाबांना कळवलंय, ते येणार की नाही ठाऊक नाही. मी मांडवात सगळ्यांच्या पुढे उभी राहणार आहे. माईक दिला तर माईकवर, नाही दिला तर घसा फोडून, आईच्या आजीचं नाव घेणार आहे. मग गुरुजींचं. मग बाकीच्यांची, एकेक करून. ते मारायला धावतील. धावू देत. या वेळी आम्ही घरात कोंडलेल्या नसू.