मागच्या खोलीतले पाच महिने

प्रसूतिगृहात रक्ताचे नमुने घेणाऱ्या त्या बाईंना सारे सुईताई म्हणत. हात इतका हलका, की गर्भवती बायका विचारीत, "टोचलीत का? कळलंच नाही!" त्यावर त्यांचे ठरलेले उत्तर असे, "मग पुन्हा टोचू?" हसणे ओसरण्याच्या आत नळीवर नाव, वय आणि वेळ लिहून झालेली असे. बिननावाची नळी कोणीही आणून दिली, तरी त्या परत पाठवीत. एकवीस वर्षांत या नियमाला त्यांनी अपवाद केला नव्हता.

अठरा वर्षांखालील गर्भवतींच्या रक्तातील जीवनसत्त्वे तपासण्याचे काम त्यांच्याकडे होते. बाळ जन्मले, की नाळेतील रक्तही तपासणीला जाई. अहवाल हाती आला, की त्या मुलींच्या आयांना फैलावर घेत. "पोरीला कोंडून ठेवलंत ना? ऊन नाही, तर ड जीवनसत्त्व कुठून येणार? आईपाशीच नसेल, तर बाळाला काय मिळणार, कपाळ?"

आणि त्यांच्याच घरी, मागच्या खोलीत, त्यांची सोळा वर्षांची गर्भवती लेक पाच महिने पडदे ओढून बसली होती. ती मामाकडे शिकायला गेली आहे, असे शेजारी सांगितलेले. नवरा पूर्वीच वारला होता. मुलीला या अवस्थेत टाकणारा केव्हाच हात झटकून मोकळा झाला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. सुईताई रोज रक्तदाब मोजीत, लोहाची गोळी समोर उभे राहून गिळायला लावीत आणि वजन वहीत उतरवीत. ड जीवनसत्त्वाची मात्रा मात्र आकडा पाहिल्यावाचून द्यायची नाही, ही त्यांची शिस्त.

त्यासाठी एका रविवारी त्यांनी रक्त काढलेही. नळी घेऊन त्या टेबलाशी बसल्या. खरे नाव लिहावे, तर उद्या सारी प्रयोगशाळा वाचणार. खोटे लिहायला हात धजेना.

"काय झालं, आई?"

"काही नाही. रक्त गोठलं. पुन्हा काढू."

पुन्हा काढले नाही.

"मग गच्चीत जाऊ थोडा वेळ? कोणी नसताना?"

"वेडी की काय! आता थोडेच दिवस राहिले. कळ काढ."

तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या आणि दुसरीकडे नेण्याइतकी सवड उरली नाही. सुईताईंनी लेकीला आपल्याच प्रसूतिगृहात आणले. झाकलेले सारे एका तासात उघडे पडले. मुलगी झाली. मायलेकींच्या नळ्यांवर त्यांनी स्वतः नाव लिहिले. अहवाल यायला पाच दिवस लागत. चौथ्या दिवशी बाळाला आचके आले.

शिरेतून कॅल्शियम सुरू झाले. आचके थांबले, श्वास मात्र फुलतच राहिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई अहवाल घेऊन आल्या. ड जीवनसत्त्वाचा आकडा निदान वीस हवा. आईचा चार होता, बाळाचा तीन.

"ड जीवनसत्त्वावाचून बाळाच्या हृदयालाही कॅल्शियम पुरलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि मुलीकडे वळल्या. "तू उन्हात जातच नव्हतीस का गं?"

मुलीने आईकडे पाहिले नाही. "मलाच उजेड सोसत नव्हता, डॉक्टर. आई तर रोज म्हणायची, बाहेर जा म्हणून."

सुईताई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. गप्प राहिल्या असत्या, तर कोणी काही विचारले नसते.

"खोटं बोलतेय ती," त्या म्हणाल्या. "मीच तिला कोंडून ठेवलं. रक्त काढलं आणि मोरीत ओतलं. मला सगळं माहीत होतं."

डॉक्टरबाईंनी अहवालाची घडी घातली आणि त्या बाळाकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ गेले.

दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मुलीला दूध आले होते. झग्याची छाती भिजली होती. सुईताईंनी तिच्या अंगावर आपली शाल घातली. तिने ती काढून बाजूला ठेवली.

"कशाला सांगितलंस?"

"खरं होतं, बाळा."

"मला काय माहीत नव्हतं?" मुलगी म्हणाली. "तू बोलली नसतीस, तर मला तुझ्यावर रागवावं लागलं नसतं. आता मी कोणाजवळ रडू?"