काल्याच्या भजनाची कॅसेट

मी गाव सोडलं त्या सकाळी देवळात सप्ताहाचा काला होता आणि बाबा भजनाला बसले होते. फाट्यावर राळेगावची एसटी उभी होती. मी वळकटी सीटखाली सरकवली आणि खिडकीशी बसलो. देवळासमोरच्या लिंबावर बांधलेल्या भोंग्यातून बाबांचा आवाज येत होता. त्यांनी चरणाची अर्धी ओळ म्हटली आणि थांबले. उरलेली अर्धी मागच्याने उचलायची असते, तिला झील म्हणतात. सात वर्षं ती झील माझी होती. तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी चालू केली, पत्रे खडखडायला लागले आणि भोंगा ऐकू येईनासा झाला. ती अर्धी ओळ कोणी पुरी केली, की कोणीच केली नाही, हे मला कळलंच नाही.

आमच्या मंडळाची रीत बाहेरच्यांना सांगावी लागते. एकच पद पाऊण-पाऊण तास चालायचं. बाबा एका ओळीचे दहा प्रकार करायचे. खंजिरीवाल्याला लहर आली की तो लय दुप्पट करायचा आणि सगळे त्याच्यामागे धावायचे. पुढे काय होणार हे बसलेल्यांपैकी कोणालाच ठाऊक नसायचं. पण बाबांची ओळ मात्र नेहमी अर्धीच असायची. ते जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कामाला होते. सीझनभर रुईचे बारीक तंतू छातीत जायचे आणि पुरी ओळ म्हणण्याइतका श्वासच उरायचा नाही. झिलकऱ्याने उरलेली ओळ ओढून धरायची, तेवढ्यात त्यांनी दम घ्यायचा. "दम पुरला तेवढं आपलं, बाकीचं मंडळाचं," असं ते म्हणत. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटे, काय छान ढब आहे. ती ढब नव्हती, ती छाती होती.

तुम्ही जे गावातच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या दोघांनाही ते वर्ष आठवत असेल. कापसाचा भाव पडला होता. गाड्या जिनिंगच्या दारापर्यंत यायच्या आणि परत जायच्या. एरवी होळीपर्यंत चालणारी जिनिंग संक्रांतीलाच बंद झाली. मी तिथेच प्रतवारीच्या टेबलावर बसायचो, बोटांनी धागा ओढून लांबी सांगायचो. यवतमाळच्या एका दलालाने ते पाहिलं होतं. त्याने कोइम्बतूरच्या एका सूतगिरणीत माझी शिफारस केली. हजर व्हायचा दिवस पक्का होता आणि सेवाग्रामहून गाडीचं आरक्षण मिळालं ते नेमकं काल्याच्या दिवसाचं.

मी बाबांना म्हटलं, तिकीट बदलून पाहतो. ते टाळाची दोरी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "जाय. तुह्याशिवाय भजन अडत नाही."

हे ते माझा पाय मोकळा व्हावा म्हणून म्हणाले की रागाने, यावर मी अनेक वर्षं विचार करत राहिलो. गिरणीच्या कॅन्टीनमध्ये पहिल्यांदा इडलीवर सांबार ओतून घेतलं तेव्हाही हेच डोक्यात होतं.

कोइम्बतूरने मला चांगलं वागवलं, हे सांगायलाच हवं. इथे येऊन रडणारी माणसं मी पाहिली आहेत. मी त्यांतला नाही. लॅबमध्ये यंत्र आलं, तरी सुपरवायझर अजून मला हाक मारतो, कारण यंत्राआधी माझी बोटं सांगतात. आता "सरी, सरी" म्हणत मान डोलावतो, सकाळी फिल्टर कॉफी लागते, आणि माझी मुलगी मला अप्पा म्हणते. कधीतरी यवतमाळकडची कापसाची गठाण येते. तिच्यात हात घातला की जरा वेळ तो तसाच ठेवतो. शेजारचा तमिळ पोरगा हसतो, हसू दे. बायको हिंगणघाटची, त्यामुळे घरी भाकरीत आणि भांडणात आपलीच बोली चालते.

तर कॅसेटी. आमच्या मंडळाच्या सप्ताहाच्या भजनाचं रेकॉर्डिंग नामदेव साउंडवाला करायचा. त्याला कोऱ्या कॅसेटी परवडत नसत. बियाण्याच्या दुकानात जाहिरातीच्या फुकट कॅसेटी मिळायच्या. त्यांच्या कडेच्या खाचांवर तो चिकटपट्टी लावायचा आणि वरून भजन भरायचा. प्रल्हाद माझा शाळेतला मित्र, आता पुण्याला असतो. त्याने नामदेवकडून त्या सगळ्या आणल्या आणि एकेक करून मोबाईलवर घेतल्या. सुरतेचा गजानन, नागपूरचे दोघे-तिघे, असा आमच्या भागातून बाहेर पडलेल्यांचा मिळून मोबाईलवर एक ग्रुप झाला. कामं सोडून आम्ही त्यावर भांडतो.

कॅसेटींना वर्षांनी कोणी ओळखत नाही, नावं पडली आहेत. 'लाईनवाली' म्हणजे भर भजनात लाईन गेली ती. माइक बंद, नामदेवचं डेक सेलवर चालू, आणि सगळं मंडळ विहिरीत बसून गातंय असं वाटतं. गजाननचा जीव तिच्यावर. 'बियाण्याची' म्हणजे जिच्यात खंजिरी रंगात येते आणि वरून भरलेलं भजन तिथेच तुटतं, की मागून जाहिरातीतला माणूस खणखणीत आवाजात सांगतो, "दणकट बोंड, घरात आनंद!" त्या बियाण्याने पुढे कोणाच्या घरात किती आनंद आणला ते तुम्हाला माहीत आहे. पण ती ओळ आता आमच्यात कोणाचं लग्न ठरलं, मूल झालं की पहिली टाकली जाते.

आणि तिसरी 'काल्याची'. मी निघालो त्या सकाळची. ही सगळ्यांत श्रेष्ठ, यावर ग्रुपचं बहुमत आहे. बाविसाव्या मिनिटाला बाबा अर्धी ओळ सोडतात. मग टाळाचे दोन फेरे नुसते जातात. कोणी काही म्हणत नाही. आणि मग झील येते. प्रल्हादने त्या दोन फेऱ्यांवर जेवढं लिहिलं आहे तेवढं त्याने दहावीच्या पेपरात लिहिलं असतं तर आज कलेक्टर असता. "काय जागा सोडली राजा! दोन फेरे दम धरला, मंग उचललं. हे शिकवून येत नाही." आणि खाली माझं नाव. कारण बाबांच्या मागची झील माझी, हे सगळ्यांना ठाऊक. आवाज जरा बारीक वाटतो, तर कॅसेट उतरवताना डेक जोरात पळालं असेल, असा गजाननने निकाल दिला.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी मोबाईलमधलं हात जोडलेल्या माणसाचं अंगठ्याएवढं चित्र टाकलं. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांच्यापैकी कोणीही त्या दिवशी गावात नव्हतं. सगळे माझ्याआधीच बाहेर पडलेले. मी एसटीत होतो हे सांगायचं, तर बाबांना ऐन काल्यात एकटं टाकून गेलो हेही सांगावं लागलं असतं. म्हणून वाहवा घेत राहिलो. एकदा तर कोणीतरी विचारलं, "ते दोन फेरे कसे काय सोडले?" मी लिहिलं, "आतून आलं."

खरं सांगतो, मी ती कॅसेट ऐकली नव्हती. 'माझी आवडती लाईनवाली' असं म्हणून बाजूला व्हायचो. दोन फेरे रिकामे गेले म्हणजे काय झालं असेल, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? बाबांना खोकला आला असणार. ते मागे बघून थांबले असणार. ते मला ऐकायचं नव्हतं. घरीही जायचो ते उन्हाळ्यात, मंडळ बंद असतं तेव्हा. बाबांच्या मागे आता गुलाबराव दुकानदार म्हणतात, एवढं कानावर होतं. त्यापुढे विचारत नसे, आणि बाबाही आपण होऊन बोलणारे नव्हेत.

मागच्या महिन्यात प्रल्हादने जाहीर केलं की तो काल्याच्या कॅसेटबद्दल सगळ्यांची मतं एकत्र लिहून काढणार, आणि सुरुवात माझ्यापासून. "त्या बाविसाव्या मिनिटाबद्दल पानभर लिही." आता न ऐकता पानभर कसं लिहिणार? रविवारी सकाळी बायको आणि मुलगी बाजारात गेल्या. मी ओट्याशी मोबाईल ठेवला, कांदा चिरायला घेतला आणि लावली.

बाबा तोंडभर हसत गायल्यासारखे गात होते. मग ती ओळ आली. अर्धी झाली. थांबले. टाळ एक फेरा गेला आणि मागे बाबांचा खोकला ऐकू आला, दाबलेला, उपरणं तोंडावर धरल्यासारखा. दुसरा फेरा गेला. लांब कुठेतरी एसटीचा हॉर्न वाजला. त्या एसटीत मी होतो. आणि मग झील आली.

पहिल्या अक्षराला ओळखलं. तो आवाज गाताना मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी तो फक्त "जेवाले ये" म्हणताना ऐकला होता. आमच्या मंडळात बाया म्हणत नसत. त्या एका बाजूला बसत, लाह्या-दही कालवत, आरतीला टाळ्या वाजवत. आणि माझी माय पुरुषांच्या भजनात, भरल्या देवळात, माइकवर माझी झील म्हणत होती. आणि माझ्यापेक्षा एक सूर वर जाऊन, न डगमगता. पुढच्या ओळीला बाबा सावरले आणि पद पुढे वीस मिनिटं चाललं. प्रत्येक अर्ध्या ओळीला ती होती. मी ओट्याला टेकून रडलो. कांद्याची सोय होतीच.

लगेच फोन लावला.

"माय, काल्याच्या दिवशी, मी निघालो तेव्हा, बाबाच्या मागं तू म्हटलं होतं?"

"हो. मंग?"

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुनं कधी इचारलं? साऱ्या गावाले माहीत आहे."

साऱ्या गावाला माहीत होतं. गावात कोणी त्याची गोष्ट केली नव्हती, कारण त्यांच्या लेखी त्यात गोष्ट नव्हती. बाहेर पडलेले आम्ही शहाणे मात्र वर्षानुवर्षं डेकचा वेग मोजत बसलो होतो.

"तुहं मन कसं झालं पुढं जायाचं?" मी विचारलं.

"मी लाह्याची परात घेऊन खांबाजोळ उभी होती. तुह्या बापाचा दम उखडला. मंडळी टाळ कुटून राह्यली, पन उचलाले कोणी नाही. तुही जागा म्हून कोणी धजत नव्हतं. गाडी फाट्यावर उभी दिसून राह्यली होती. म्या म्हटलं, पोरगा अर्धं आयकून गेला त त्याच्या जिवाले लागून राहीन." मग तिने विचारलं, "पुरं आयकू आलं होतं न तुले?"

हो म्हणणं सोपं होतं. पण खोटी वाहवा घेऊन झाली होती, आणखी कशाला?

"नाही माय. गाडी चालू झाली होती."

"बरं," ती म्हणाली. "आता त आयकलं न."

मी विचारलं, बाबा माझ्यावर रागावले होते का? तिने फोन तसाच बाबांकडे दिला. मी पुन्हा विचारलं. बाबा म्हणाले, "रागवाले दम कुठून आणू?" आणि हसले, हसता हसता खोकले, आणि मग विचारलं की तिकडे यंदा गठाणीत ओल किती निघते. म्हणजे नव्हते रागावले.

त्याच दुपारी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. एसटी, वळकटी, आतून आलं वगैरे खोटेपणा, सगळं. प्रल्हादने लिहिलं, "म्हणजे इतके दिवस आम्ही काकूच्या पाया पडून राह्यलो होतो अन् आशीर्वाद तू घेऊन राह्यला होता." गजाननने लाईनवाली सोडली, आता तो काल्याचीच ऐकतो. "दणकट बोंड" कोणीतरी टाकलंच.

आपण निघालो की मागे आपल्या आकाराचा खड्डा पडतो, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्या खड्ड्याची लाजही वाटायची आणि, कबूल करतो, थोडा अभिमानही. तसं काही नसतं. टाळाचे दोन फेरे जातात, आणि मग आपल्या वाटचं कोणीतरी म्हणतं. असं जिथे होतं ते आपलं घर. हे कळल्यापासून मला कोइम्बतूरही जास्त आवडायला लागलं आहे, कारण इथे असण्यासाठी तिथे काही मोडून यावं लागलं नव्हतं.

यंदा माघात रजा टाकली आहे. बायको आणि मुलगीही येणार. बाबा आता वर्षातून एकदाच बसतात, काल्याला, एका पदापुरते. गुलाबरावांनी आपण होऊन जागा सोडली, म्हणाले पोरगा येत आहे तर बसू द्या. मी मायला फोनवर म्हटलं, या वेळी झील आपण दोघं मिळून म्हणू, तू खांबाजवळ उभी राहू नको, माझ्या बाजूला बस.

"बसतो न," ती म्हणाली. "पन तू खालीच धर. वर मी जातो. तुह्यानं आता होत नाही."