चारशे सोळाव्या पानानंतर

चष्मेवाल्यांच्या दुकानातली डोळे तपासायची खोली दहा फूट लांब आहे. लागतात वीस. म्हणून अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे, डोक्याच्या वर टांगलेला आहे. त्यावरची अक्षरं उलटी छापलेली आहेत आणि समोरच्या भिंतीवर आरसा आहे. गिऱ्हाइकानं खुर्चीत बसून आरशात बघायचं. अक्षरं सुलट होतात, अंतर दुप्पट होतं. चाळीस वर्षं असंच चाललंय. पहिल्यांदा येणारे थोडे दचकतात, कारण तक्त्याखाली त्यांना स्वतःचंच तोंड दिसतं.

वाचायच्या चष्म्यासाठी मात्र ते तक्त्यावर विसंबत नाहीत. चष्मा तयार झाला की सोबत एक पुस्तक देतात. मागच्या भिंतीला, फ्रेमच्या खोक्यांच्या वर, साडेतीनशे पुस्तकं आहेत. सूचना ठरलेली: "आठ दिवस वाचा. डोळे थकून जिथं थांबाल तिथं समासात पेन्सिलीनं ठिपका ठेवा. कंटाळून थांबलात तर फुली." पुस्तक परत आलं की ते दोन ठिपक्यांमधली पानं मोजतात. अंतर वाढत गेलं तर नंबर बरोबर. घटत गेलं तर काच बदलायची. नुसत्या फुल्याच असल्या तर पुस्तक बदलायचं.

या पद्धतीनं त्यांनी कितीतरी माणसांना वाचायला लावलं. काचेचा नंबर काढावा तसाच ते माणसाचा अंदाज घेतात. "हे तुम्हाला आत्ता जड जाईल. आधी ते लाल पाठीचं न्या." न वाचता परत आणणाऱ्याला लगेच ओळखतात. न वाचलेल्या पुस्तकातले ठिपके फार व्यवस्थित असतात.

त्यांचा जुना दोस्त म्हणजे मोजणीदार. जमिनी मोजायच्या ऑफिसातून निवृत्त झालेला, उंच, हाडकुळा माणूस. दुपारी एक ते तीन दुकान बंद असे. तेव्हा अर्ध्या शटरखालून वाकून तो आत यायचा आणि सरळ तपासणीच्या खुर्चीत जाऊन बसायचा. चष्मेवाले समोरच्या स्टुलावर. एकतीस वर्षं दोघांनी एकमेकांना पुस्तकं दिली. नियम एकच होता: शेवटचं पान सोबत. वाचणाऱ्यानं त्याच्या आधीच्या पानावर थांबायचं, पुस्तक दुकानात आणायचं, शेवटचं पान मोठ्यानं वाचायचं आणि शेवटच्या शब्दाखाली दोघांनी एकेक ठिपका ठेवायचा. शेल्फावरच्या दोनशे पुस्तकांच्या शेवटी असे जोडीचे ठिपके आहेत.

मोजणीदार रोज नऊ पानं वाचायचा. आठ नाही, दहा नाही. गेल्या चार वर्षांत त्याचा हात थरथरू लागला होता, त्यामुळे त्याच्या ठिपक्याला बारीक शेपूट फुटायचं.

एका पुस्तकाच्या बाबतीत चष्मेवाल्यांनी लबाडी केली होती.

ती एक जाडजूड कादंबरी होती, चारशे बत्तीस पानांची. त्यांना ती रद्दीत मिळाली होती. चारशे सोळाव्या पानापर्यंत त्यांनी ती झपाटल्यासारखी वाचली. त्या पानाच्या तळाशी नायिका दार उघडते, 'आणि म्हणते,' असा स्वल्पविराम येतो, आणि पुढे एकदम पुठ्ठा. शेवटची सोळा पानं बांधणीतून निसटलेली होती. दुसरी प्रत कुठं मिळाली नाही. प्रकाशकाचं दुकान केव्हाच बंद पडलेलं. पण तोवर त्यांनी दहाजणांना सांगून ठेवलं होतं की असं पुस्तक झालं नाही. शेवट विचारला की ते समोरच्याला शोभेल असा सांगून टाकत. पुस्तक मागितलं की म्हणत, "बाहेर गेलंय." असं बावीस वर्षं चाललं.

एके दुपारी मोजणीदार खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "लेका, त्या कादंबरीचं बावीस वर्षं ऐकतोय. मी मेल्यावर देणार का?"

"बाहेर गेलीय रे."

"बाहेर? माझ्या पाठीमागच्या शेल्फावर आहे ती. आरशात दिसतेय मला."

द्यावीच लागली. "शेवटचं पान सोबत," पिशवीत घालताना मोजणीदार म्हणाला. चष्मेवाले हो म्हणाले. रोजची नऊ पानं, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. तोवर काहीतरी सुचेल.

सव्विसाव्या दिवशी मोजणीदारानं नेहमीप्रमाणे हजेरी दिली. "दोनशे चौतीस. बाई हुशार आहे, पण नवरा अगदी आमच्या साहेबासारखा." त्याच संध्याकाळी तो घरी आरामखुर्चीत बसल्या जागी गेला.

निरोप कळला तेव्हा आपल्या मनात पहिला शब्द कोणता आला, हे चष्मेवाले लपवत नाहीत. 'सुटलो.'

दहा दिवसांनी मोजणीदाराची सून पुस्तक घेऊन आली. चष्मेवाल्यांनी हाताच्या सवयीनं पानं उलटली. दोनशे चौतीसवर ठिपका होता. दोनशे त्रेचाळीसवर होता. दोनशे बावन्नवर होता. दोनशे चौतीसच्या पुढे असे मोजून दहा, तीनशे चोवीसपर्यंत.

"घरात कुणी वाचतंय का हे?"

"आमच्याकडे कोण वाचणार, काका? ह्यांना औषधाची चिठ्ठीसुद्धा मी वाचून दाखवते. आणि मामंजींच्या खोलीला कुलूप होतं. आज आवरायला म्हणून उघडली."

ती गेल्यावर त्यांनी काचा तपासायचं भिंग घेऊन ठिपके पाहिले. शेपटं होती. पण प्रत्येक शेपूट आधीच्यापेक्षा आखूड होतं.

पुस्तक शेल्फावर गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तीनशे तेहतीसवर ठिपका होता.

काउंटर त्यांची धाकटी मुलगी सांभाळते. तिचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, तुम्हीच ठेवताय आणि तुम्हीच विसरताय."

"मी?"

"स्वतःच्या नाकावरचा चष्मा आठवड्यातून दोनदा मला शोधायला लावता तुम्ही."

तिनं पुस्तक काचांच्या कपाटातल्या खालच्या खणात ठेवलं, खणाला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि वडिलांना जेवायला घरी घेऊन गेली. जेवताना, हात धुताना, तिनं त्यांना नजरेआड होऊ दिलं नाही. तीन वाजता शटर उघडून खण उघडला. तीनशे बेचाळीस. खणात पेन्सिल नव्हती. तिनं हात घालून कोपरेसुद्धा चाचपले.  दुसऱ्या दिवशी तिनं आपलं स्टूल हलवलं. आता तिची पाठ कपाटाकडे नसते.

तीनशे बेचाळीसचा ठिपका दिसला त्याच दिवशी चष्मेवाल्यांनी तिला गहाळ पानांचं सांगितलं.

"म्हणजे काय? मला तर तुम्ही सांगितलं होतं की ती बाई परत येते!"

"तुला तसं हवं होतं."

"आणि ताईला सांगितलंत की गाडी दरीत जाते."

"ताईला तसलंच आवडतं."

ती हसली नाही. "मग आता त्यांना काय सांगणार?" तिनं खणाकडे बोट न दाखवता विचारलं.

हाच प्रश्न होता. हिशेब बोटांवर करता येण्यासारखा होता. अजून आठ दिवसांनी ठिपका चारशे चौदावर येणार. नवव्या दिवशी मोजणीदाराला चारशे तेविसावं पान लागणार, आणि ते पुस्तकात नव्हतं. ज्या माणसानं जन्मात एक हद्द अंदाजानं टाकली नाही, त्याला त्या स्वल्पविरामापाशी कळणार होतं की एकतीस वर्षांच्या दोस्तानं आपल्याला फसवलं. कळल्यावर तो काय करील, याचा विचार चष्मेवाले करत नव्हते. करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांची वही काढली आणि फोन लावायला सुरुवात केली. ज्या ज्या माणसाला त्यांनी ही कादंबरी सुचवली होती, त्या प्रत्येकाला. त्यांच्या शब्दावर कुणी ती कधी विकत घेतली होती का? तिघे वारले होते. एकानं विचारलं, "कुठली कादंबरी?" दुसरा म्हणाला, "तुम्हीच गोष्ट एवढी रंगवून सांगितलीत, वाचायची गरजच उरली नाही." ठिपका रोज पुढे सरकत होता. तीनशे सत्त्याऐंशीचा ठिपका आला त्या दिवशी एक निवृत्त नर्सबाई सापडल्या. त्या आता मुलाकडे, दुसऱ्या शहरात राहतात.

"आहे ना," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षांपूर्वी जुन्या बाजारात मिळाली, घेतली तुमच्याच सांगण्यावरून. पण काय हो, तुम्ही सांगितलेला शेवट त्यात नाहीच!"

चष्मेवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला वाटलं, मजा जाऊ नये म्हणून तुम्ही मुद्दाम खोटं सांगितलंत. मी तर सगळ्यांना सांगते, असा सुचवणारा पाहिजे."

"शेवटची सोळा पानं पाठवाल? झेरॉक्स चालेल."

"आत्ताच वाचून दाखवते की! ती दार उघडते आणि..."

"नको!" ते इतक्या जोरात ओरडले की काउंटरवरच्या गिऱ्हाइकानं ट्रायलचा चष्मा काढून वळून पाहिलं. "नको, बाई. आम्हाला सोबत वाचायचंय."

"आम्हाला म्हणजे?"

"मला आणि एका मित्राला."

पाकीट आलं त्या दिवशी ठिपका चारशे चौदावर होता. चष्मेवाल्यांनी ती पानं पालथी धरून, अक्षरावर नजर पडू न देता, खळ लावून पुठ्ठ्याच्या आत चिकटवली. क्रम मुलीनं लावून दिला. मग पुस्तक खणात गेलं आणि दोघं जेवायला घरी गेली. जेवलं मात्र कुणीच नाही.

चारशे तेवीस. झेरॉक्सच्या गुळगुळीत कागदावर ठिपका जरा जास्त काळा दिसत होता. शेपूट जवळजवळ नव्हतंच.

पुढचा ठिपका चारशे एकतीसवर आला. नऊ नाही, आठच पानं. नियमाप्रमाणे.

मग ठिपके थांबले. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मुलीला वाटलं, संपलं. तिनं स्टूल परत जुन्या जागी न्यायचा विषयही काढला. चष्मेवाल्यांना ठाऊक होतं की संपलेलं नाही. एवढंच होतं की आता पाळी त्यांची होती आणि कुणीतरी वाट बघत होतं.

आठव्या दिवशी दुपारी एक वाजता त्यांनी मुलीला घरी पाठवलं आणि शटर अर्धं ओढलं, मोजणीदार वाकून येऊ शकेल एवढं. तपासणीच्या खोलीतला दिवा लावला. रिकामी खुर्ची समोर घेऊन ते स्टुलावर बसले. आरसा त्यांच्या पाठीमागे होता. मागे वळून आरशात बघायचं नाही, एवढं त्यांनी घरूनच ठरवलं होतं.

"आधी एक सांगतो," ते खुर्चीला म्हणाले. "मी ही वाचलेली नव्हती. चारशे सोळापर्यंतच. शेवट आहे असं म्हणालो ते खोटं. आणि तू गेलास तेव्हा मला बरं वाटलं."

खुर्चीचं रेक्झिन थोडं करकरलं. जुनी खुर्ची आहे, दिव्याच्या उष्णतेनं करकरते.

त्यांनी चारशे बत्तिसावं पान वाचायला घेतलं. ते अर्धंच छापलेलं होतं, एकोणीस ओळी. ते सावकाश वाचत होते. शेवटच्या ओळीला आले तेवढ्यात बाहेर शटरवर थाप पडली. "चष्मा दुरुस्त होईल का? दांडी निघालीय." पुस्तक खुर्चीत उघडं ठेवून ते बाहेर गेले, "तीननंतर या" म्हणाले आणि परत आले. चाळीस पावलंही झाली नसतील.

शेवटच्या शब्दाखाली ठिपका होता. त्यांनी भिंग लावलं. तो गोल होता, गच्च आणि स्थिर. एकतीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या पुस्तकात जसा होता, तसा. शेपूट नव्हतं.

चष्मेवाल्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि नियमाप्रमाणे त्याच्या शेजारी आपला ठिपका ठेवला.

मग सवयीनं त्यावरही भिंग धरलं. त्याला बारीक शेपूट होतं.