माळवदावरचे दोन एकर

“कोन हाय रं वर? साखळी कुनाची ही? माझ्या पिठात पडली की.”

बाईचा आवाज पायाखालून आला. साखळी सरकारी होती. तिचं एक टोक माझ्या हातात होतं. दुसरं टोक साखळीवाल्या मदारसाबच्या हातात असायला हवं होतं, ते माळवदाच्या साण्यातून खाली घसरून एका अनोळखी घरात, भाकरीच्या पिठात जाऊन पडलं होतं. साणं म्हणजे मातीच्या सपाट छताला उजेडासाठी ठेवलेलं भोक. मदारसाब त्या भोकात डोकावून म्हणाला, “माफ करो अम्मा, सरकारी काम है.”

“सरकार माझ्या घरावर कामून चढलंय?” खालून उत्तर आलं.

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर द्यायचं तर दोन दिवस मागं जावं लागेल.

मी तेव्हा निजामाच्या राज्यात शेतीखात्यात मोजणीदार होतो. नोकरी नवी, लग्नही नवं. त्या वर्षी खात्यानं द्राक्षाची पाहणी काढली होती. कुठल्या गावात किती एकर द्राक्ष आहे आणि त्यात हबशी किती, भोकरी किती, फकडी किती, साहेबी किती, ते लिहायचं. फॉर्मवर या चार जातींचे चार रकाने होते आणि पाचवा होता किरकोळ. ज्या गावात दोन एकरांच्या वर द्राक्ष भरेल त्या गावाला भुरीवरचं औषध म्हणून गंधकाची पूड मिळणार होती. भुरी म्हणजे द्राक्षाचा रोग. पानांवर आणि मण्यांवर पीठ चाळल्यासारखा पांढरा थर बसतो, मणी तडकतात आणि घड हातचा जातो.

आमचे मोहतमीम, म्हणजे जिल्ह्याचे साहेब, खाण्याचे मोठे शौकीन. त्यांनी मला बोलावून रजिस्टर पुढं टाकलं. आळंद तालुक्यात निंबर्ग्याच्या पलीकडं एक गाव आहे. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण तिथल्या पाटवाऱ्यांची, म्हणजे तलाठ्यांची, नातवंडं अजून तिथं आहेत. त्या गावापुढं द्राक्ष शून्य लिहिलं होतं.

“मियां, पिछले साल आळंद के बाजार में इसी गांव के अंगूर खाया मैं,” साहेब म्हणाले. “अंगूर बाजार में हैं, दफ्तर में नहीं. बाग किधर है?”

“शोधतो, हुजूर.”

“चार दिन. चौथे दिन मैं खुद आता.”

पहिले दोन दिवस मी आणि मदारसाबनं गावाचं शिवार पालथं घातलं. पाटवारी नकाशा घेऊन पुढं, आम्ही मागं. तूर, ज्वारी, करडई, विहिरीजवळ थोडी मिरची. द्राक्षाचं पान दिसेना. पाटवारी दर बांधावर सांगायचे, “साहेब, मी बोललो ना, शून्य म्हणजे शून्य.” दुसऱ्या दिवशी उन्हं कलायला लागली तेव्हा माझा धीर सुटला. निदान उंचावरून एकदा नजर टाकावी म्हणून मी चावडीच्या माळवदावर चढलो.

त्या भागात घरं भिंतीला भिंत लावून असतात. वर लाकडं, त्यावर काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. एका घराचं माळवद संपतं तिथं दुसऱ्याचं सुरू होतं. मी लांब शिवाराकडं बघत होतो आणि माझ्या कोपराला पान लागलं. घराघरावर जो हिरवा पाला मी दोन दिवस खालून बघत होतो, तो मी भोपळा नाहीतर दोडका धरून चाललो होतो. मी ते पान हातात घेतलं. पाच बोटांचं, कातरलेल्या कडेचं. द्राक्षाचं.

मी मान वर केली. चावडीपासून वेशीपर्यंत माळवदावर कमरेएवढे बुटके मांडव होते आणि प्रत्येक मांडवावर द्राक्षाचा वेल होता. पौषाचे दिवस होते, मिरीएवढे हिरवे मणी घडाघडाला लोंबत होते. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. गावाची बाग गावाच्या डोक्यावर होती. खोड घराच्या मागं न्हाणीच्या पाटापाशी, वेल भिंतीनं वर आणि मांडव छतावर. पाटवाऱ्यांचं रजिस्टर चालतं सर्व्हे नंबरावर, आणि गावठाणाला सर्व्हे नंबर नसतो. म्हणून शून्य.

मी तिथंच साखळी उलगडली. उत्साहाच्या भरात मदारसाबचं लक्ष मांडवाकडं गेलं आणि टोक साण्यात.

बाई शिडीनं वर आली. साठीच्या आसपासची, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची पेटी, हातात आमच्या साखळीचं टोक आणि त्याला पीठ लागलेलं. तिचं नाव निंगव्वा.

मी तिला सगळं सांगितलं. मोजणी, दोन एकर, गंधक. गंधक म्हटल्यावर तिचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं मला हाताला धरून तिच्या मांडवापाशी नेलं. अर्ध्या पानांवर पांढरा थर होता.

“दोन साल झाले, एक घड खाल्ला न्हाई,” ती म्हणाली. “यंदा बी असंच गेलं तर काप म्हनलाय माझा ल्योक. हितं तूर वाळवायची म्हनं. ह्यो येल माझ्या माहेराहून आनलाय, अण्णा. तिकडं अफजलपूरच्या अंगाला, भीमेच्या काठाला. तिथला येल पुरात गेला. आता ह्यो एकलाच हाय.”

“अक्का, उद्यापासून सगळी माळवदं मोजतो,” मी म्हणालो.

“तू? लोकांच्या अंगनात वरून बघत? हाड मोडतील तुझं. मी पुढं हुते.”

तिसऱ्या दिवशी सकाळपासून आमची वरात निघाली. पुढं निंगव्वा, दर साण्यापाशी वाकून ओरडणारी, “अगं पदर घ्या, सायेब यायलाय मापाला.” मागं मी, माझ्यामागं मदारसाब. साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. खालून पोराबाळांचा गलका, वरून आम्ही घरामागून घर ओलांडतोय. नोकरीच्या तीस वर्षांत इतकी मजा मला पुन्हा कधी आली नाही.

अडचण आली ती जातीची. मणी हिरवे, म्हणजे रंग कळायचा नाही. मी विचारलं, “अक्का, ही हबशी का भोकरी?”

“ते मला काय म्हाईत? ही चंद्रव्वाची, आळंदची.”

“आणि ही?”

“ही अक्कलकोटची. ती पल्याडची बी अक्कलकोटची.”

मी वैतागलो. गाव विचारत नाही, जात विचारतोय. तेव्हा तिनं मला खाली बसवलं आणि समजावलं. त्या गावात सून पहिल्या दिवाळसणाला माहेरी गेली की येताना वेलाची काडी आणते. दसऱ्यानंतर द्राक्षाची छाटणी असते, काड्या पडलेल्याच असतात. ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची आणि सासरच्या न्हाणीपाशी लावायची. काडी देतात ती लेकीलाच, दुसऱ्या कुणाला नाही. म्हणून वेलाचं नाव म्हणजे त्या बाईचं माहेर.

मग मी डोकं चालवलं. आळंदच्या सात सुना होत्या. प्रत्येकीला तिच्या साण्यातून वेगळं विचारलं, फळ कसं, साल कशी, पिकतं कधी. सातही जणींनी सांगितलं की काळं, लांबट, उशिरा येणारं. म्हणजे आळंदची ती हबशी. अक्कलकोटच्या सगळ्या फकडी निघाल्या. असं एकेक माहेर जुळत गेलं आणि माझ्या वहीत एका बाजूला माहेर, दुसऱ्या बाजूला जात असा तक्ता तयार झाला. इतक्या सोप्या पद्धतीनं जाती मी पुढं कधीच लिहिल्या नाहीत.

एकच वेल जुळेना. निंगव्वाचा. “कोवळ्या आंब्याच्या पानाचा रंग, बी बारीक आन मधागत ग्वाड,” ती म्हणाली. चारही जातींत हे बसत नव्हतं. मी पाचव्या रकान्यात आकडा टाकला.

“काय ल्हिलास?”

“किरकोळ.”

ती वहीवर वाकली. “माझं माहेर किरकोळ व्हय रं?”

मी तोंड फिरवून साखळी गुंडाळायला लागलो.

चौथ्या दिवशी सकाळी बेरीज केली. एक एकर एकोणचाळीस गुंठे. मी तीनदा केली, तेवढीच आली. एक गुंठा कमी आणि साहेब दुपारी येणार. निंगव्वा माझ्या तोंडाकडं बघत होती.

मदारसाब हळूच म्हणाला, “साहेब, साखळी जरा सैल धरूं?” साखळी सैल सोडली की मधे झोल पडतो आणि माप वाढीव भरतं. मोजणीदाराला ही युक्ती पहिल्या महिन्यात कळते. सांगायला लाज वाटते, पण मी क्षणभर विचार केला. मग नको म्हणालो. निम्मं कारण सचोटी आणि निम्मं कारण हे, की साहेब एखादं माप स्वतः पुन्हा घेतल्याशिवाय राहत नसत.

“एकच घर ऱ्हायलंय,” निंगव्वा म्हणाली. आम्हा तिघांनाही ते ठाऊक होतं. पाटवाऱ्यांचं माळवद गावात सगळ्यात मोठं. पण ते आदल्याच दिवशी म्हणाले होते, “आमच्या घरी द्राक्ष नाही. मोजण्यासारखं काही नाही.” आपल्याच घरावर द्राक्ष निघालं तर रजिस्टरातल्या शून्याचं काय उत्तर देणार? मी बळजबरीनं चढू शकत नव्हतो.

आम्ही तिघं शेजारच्या माळवदावर बसलो होतो. तेवढ्यात पाटवाऱ्यांच्या शिडीवरून त्यांच्या बायकोचं डोकं वर आलं. डोक्यावर पदर, चेहरा संतापलेला.

“साऱ्या गावाच्या सुनांची माहेरं लिहिलाव,” त्या म्हणाल्या. “माझं अक्कलकोट कामून गाळायलाव?”

“बाई, पाटवारी म्हणाले की—”

“ते काय म्हनायचेत? काडी मी आणली, पाणी मी घातलं. या, मोजा.”

खालून पाटवाऱ्यांचा आवाज आला, “अगं, काय चाललंय?” मदारसाब साखळी घेऊन धावला. इतकी ताणून साखळी त्यानं जन्मात धरली नसेल. दीड गुंठा भरला. दोन एकर अर्धा गुंठा. मी आकडा मोठ्यानं वाचला आणि निंगव्वानं दोन्ही हात जोडले, मला की वेलाला ते कळलं नाही.

दुपारी साहेब आले. शेरवानी सावरत, करकरणाऱ्या शिडीला शिव्या देत वर चढले आणि वेशीपर्यंत बघत राहिले. मग हसायला लागले. “वल्ला, इधर छुपा के रखे.” अपेक्षेप्रमाणं त्यांनी एक मांडव निवडून पुन्हा मोजायला लावला. तो नेमका पाटवाऱ्यांचा होता. माप बरोबर आलं. साहेबांनी पाटवाऱ्यांना शून्याचं विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “हुजूर, आबादी में सर्व्हे नंबर नहीं होता.” ते खोटं नव्हतंच.

आठ दिवसांत गंधक आलं. सकाळी दव असताना बायकांनी पातळ फडक्याच्या पुरचुंड्या करून वेलांवर पूड झटकली. हैदराबादहून मात्र माझा फॉर्म परत आला. शेरा होता, जमिनीचा प्रकार लिहिलेला नाही, काळी की तांबडी? मी लिहिलं, पांढरी. त्यावर पुन्हा कुणी विचारलं नाही.

फाल्गुनात मी मुद्दाम त्या गावी गेलो. निंगव्वाच्या मांडवाला घड होते. तिनं सांगितलं तसाच रंग आणि तशीच गोडी. वेल कापायचं तिच्या मुलानं पुन्हा काढलं नाही. पुढं दसऱ्यानंतर मी परत गेलो तेव्हा निघताना तिनं माझ्या हातात ओल्या फडक्याची गुंडाळी दिली.

“अक्का, काडी तर लेकीला देतात म्हणालीस.”

“मला कुठाय लेक? एकच ल्योक. तुझ्या बायकूला दे. म्हनावं, माहेराहून आलीय.”

बायकोनं ती आमच्या न्हाणीपाशी लावली. निंगव्वा गेल्याला आता बरीच वर्षं झाली, मीही रिटायर झालो. मागं एकदा शेतीखात्याचा एक तरुण घरी आला, फॉर्म काढून वेलाची जात विचारली. बायको म्हणाली, “अफजलपूरची. माझ्या माहेरची.” ती मूळची बिदरची. पोरगा माझ्याकडं बघायला लागला, तुम्ही खात्यातले, तुम्ही सांगा म्हणून.

तीस वर्षं मी द्राक्षाच्या जाती लिहिल्या. त्याला एवढंच सांगितलं, की किरकोळमध्ये टाकू नकोस, रकाना रिकामा ठेव.