दुसऱ्या पानावरची बाई

मी आयुष्यात दोनच माणसांना घाबरते: आमच्या केंद्रप्रमुख सरांना आणि माझ्या मुलीला. त्या दिवशी दोघंही एकाच वर्गात माझ्यासमोर बसली होती!

मी कुंभारीकडच्या एका शाळेत तिसरीला शिकवते. सोलापुरातून स्कूटरवर ओवीलाही मागे बसवून नेते, कारण ती माझ्याच वर्गात आहे. (शाळेत मला ‘बाई’ म्हणायचं, असा आमचा करार.) वर्गात ‘वाचन-गप्पा’ असतात. एका मुलानं आवडतं पुस्तक घेऊन बाईंशेजारी बसायचं आणि दहा मिनिटं दोघांनी त्यावर बोलायचं. परीक्षा नाही, मार्क नाहीत, भीती नाही. मुलांना, म्हणजे!

सर न सांगताच आले आणि शेरेबुक घेऊन मागच्या बाकावर बसले. गेल्या खेपेला त्यांचा शेरा वाचून शेजारच्या वर्गाच्या बाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

“चालू द्या मॅडम. मी हितं न्हाईच असं समजा की.”

कसं समजणार? माझ्या हातातला खडू आपोआप मोडला. मी पटकन सिद्धारामला हाक मारली. त्याला पुस्तकं पाठ असतात.

सरांनी भिंतीवरच्या पाळ्यांच्या यादीकडं बोट केलं. “यादीत तर आज ओवीचं नाव हाय की!”

ओवी हत्तीच्या पिल्लाचं पुस्तक घेऊन आली. हेच पुस्तक मी तिला रोज दुपारी, शाळा सुटून घरी जेवणं झाल्यावर, पंख्याखाली वाचून दाखवते. म्हणजे, सुरू करते.

“ओवी, यातलं तुला काय आवडलं?” आवाज माझाच होता, पण शेळीचा वाटत होता.

“शेवट. आणि बाई, तुम्हाला?”

“मलाही शेवटच! पिल्लाला आई सापडते, किती छान!”

“पण आई सापडतच नाही की! ते म्हशींबरोबर राहतं.”

मागे शेरेबुक उघडल्याचा आवाज आला.

“तुम्ही वाचलंय ना, बाई?”

“वाचलंय की! कितीदा तरी!” (घाबरले की मी खोटं फार मोठ्यानं बोलते.)

ओवीला माझी दया आली. तेच महागात पडलं. ती सरांकडं वळली. “सर, आईला रागवू नका. ती दुसऱ्या पानावर झोपते. मग पुढचं मीच वाचते, हळू आवाजात. तिची झोप मोडू नये म्हणून.”

बाईची आई झाली, करार मोडला आणि अख्खा वर्ग माझ्याकडं बघायला लागला.

“बाई, तुमी घोरता व्हय?” सिद्धारामनं काळजीनं विचारलं.

सर लिहीतच होते. चेहऱ्यावर काही दिसेना. ते गेल्यावर मी शेरा वाचला: ‘विद्यार्थिनीचे वाचन उत्तम. शिक्षिकेकडे वैयक्तिक लक्ष देणे आवश्यक.’

तेव्हापासून रोज दुपारी ओवी मला शेजारी बसवून वाचन-गप्पा घेते. प्रगती आहे. काल मी पाचव्या पानापर्यंत जागी होते!